जित्याच्या कटिंगमधली कालवं

माझा मोठा भाऊ रोह्याला राहायचा आणि मी पेणला. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दादानं सगळी नोकरी रोह्याच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कंपनीत केली. तिन्ही शिफ्ट केल्या, ओव्हरटाइम केला, आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, वाळल्या स्पंजासारखी. कंपनीमुळे का, असं वहिनीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. बरं होईल का, हे तिनं विचारलंच नाही. ते मी दाराबाहेर गाठून विचारलं, आणि मला उत्तर मिळालं.

महिन्या-दीड महिन्यानं दादाला दाखवायला न्यावं लागे. गाडी त्याच्या शेजाऱ्याची असायची. हा शेजारी रोह्यातलाच मुसलमान, बरीच वर्षं आखातात ड्रायव्हरकी करून परत आलेला, आता स्वतःची इको गाडी भाड्यानं चालवायचा. दादाला तो भाई म्हणायचा, आणि दादाला दम लागला की न सांगता गाडी कडेला घ्यायचा.

एकदा मी बरोबर नसताना, पनवेलहून परतीच्या वाटेवर, पेणच्या आधी लागणाऱ्या जिते गावाच्या अलीकडे दादाला मळमळायला लागलं. तिथं गावाकडं जाणारा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि त्यासाठी एक टेकाड उभं कापलेलं होतं. कापलेल्या भिंतीची थोडी सावली होती म्हणून गाडी तिथं थांबवली. दादा उतरला, ओकला, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यानं भिंतीला हात लावला. तळहात कापला गेला.

पेणला माझ्या घरी आले तेव्हा त्याच्या हाताला वहिनीचा रुमाल गुंडाळलेला होता आणि दुसऱ्या हातात मातीनं माखलेला एक शिंपला होता. त्यानं तो माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"बाय, ह्ये कालव हाय," तो म्हणाला. "भिंतीत होतं. डोळं मिटलं होतं माझं, पर हाताला कळलं."

त्याला कळणारच होतं. आमचे वडील मिठागरावर कामाला होते आणि लहानपणी आई आम्हा दोघांना घेऊन ओहोटीला खाडीवर कालवं काढायला जायची. कालवाची धार एकदा हातापायाला लागली की ती पुढं आयुष्यभर ओळखू येते. सुरीसारखी सरळ नसते, वेडीवाकडी फाडत जाते. मी आधी त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला नेलं. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशनं शिंपला धुतला. कालवच होतं. खालची शिंप वाटीसारखी खोल, कडांना चुण्या, आतल्या बाजूला स्नायू जिथं चिकटलेला असतो तिथं मुगाएवढा डाग. पण ते हाताला जड लागत होतं आणि मातीच्या रंगाचं झालं होतं. ते आज-कालचं नव्हतं.

"खाडी तर तिथून लांब हाय," दादा म्हणाला. "मधी खारभूमी, बांध, मग रस्ता. तिथं वर कसं ग्येलं?"

मला माहीत नव्हतं. आपल्या भागातला सगळा खडक काळा, लाव्ह्याचा. त्यात शिंपले सापडत नाहीत, हे मीच दर वर्षी मुलांना सांगत आले होते. मी म्हटलं, येत्या रविवारी जाऊन बघते. तो म्हणाला, मी पण येतो. वहिनी म्हणाली, मग मी पण येते, गाडीत बसून राहीन.

रविवारी काम बंद होतं. कापलेली भिंत दोन पुरुष उंच असेल. वरती लाल माती आणि मुळं, त्याखाली पिवळट मुरूम, आणि त्याच्याही खाली, गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक पांढुरका पट्टा. लांबून तो कुणी राडारोडा लिंपल्यासारखा दिसत होता. जवळ गेल्यावर शिंपलेच शिंपले, चिखलासकट दगडासारखे घट्ट झालेले. दादानं गाडीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून माझं भिंग डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ खाली घेतलं नाही.

मी त्याला एकेक दाखवत गेले. कालवं सगळ्यात जास्त. त्यांच्यात अडकलेले जाड, शिराळ शिंपले, ज्यांच्या बिजागरीला करवतीसारखे बारीक दात असतात. ते आजही आपल्या चिखलात मिळतात आणि फोडले की लाल रक्त येतं. एक-दोन लांब टोकदार शंख, तिवराच्या बुडाशी असतात तसले. कालवांच्या पाठीवर किड्यांच्या वळवळत गेलेल्या पांढऱ्या नळ्या. आणि बारीक, तोंड उघडं राहिलेल्या डोंगरासारख्या गोल पुटकुळ्या.

"ह्या शिंपल्या नव्हेत," मी म्हटलं. "याला बार्नेकल म्हणतात. कोलंबी-खेकड्याच्या कुळातलं जनावर. डोकं खाली रोवून बसतं आणि पायानं खातं."

"उगा काय तरी सांगू नको."

"खरंच सांगते, दादा."

तो हसला आणि हसता हसता खोकला आला. तो खोकला थांबेपर्यंत गाडीवाला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात ठेकेदाराचा इंजिनीअर मोटारसायकलवर आला. तरुण, नीट बोलणारा मुलगा. आम्ही काय करतोय ते त्यानं विचारलं आणि भिंतीकडं बघून म्हणाला, "मॅडम, गावातले लोक सांगतात इथं पूर्वी चुन्याची भट्टी होती. शिंपले भाजून चुना करायचे. त्याचाच ढीग असणार हा."

हे शक्य होतं. आपल्याकडं अशा भट्ट्या होत्याच. मी तसं म्हणाले आणि तो निघून गेला. परत येताना दादा गाडीत पुढं बसला होता, वहिनी आणि मी मागं. पेण आलं तेव्हा त्यानं विचारलं, "भट्टीचा ढीग का समुद्राचा तळ, ह्ये वळखायचं कसं?"

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. ढीग असेल तर दोन्ही शिंपा सुट्या झालेल्या असतील, भाजलेल्या असतील, कोळसा-राख सापडेल, आणि सगळी कालवं मोठी असतील, कारण माणसं बारकी गोळा करत नाहीत. समुद्राचा तळ असेल तर पोरं-थोरं एकत्र असतील आणि दोन्ही शिंपा जोडलेल्या मिळतील. "आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे," मी म्हणाले, "ज्या खडकावर ते वाढलं त्या खडकाला धरून बसलेलं एक कालव. काळ्या पाषाणाला चिकटलेलं, जागच्या जागी. ते मिळालं की वाद संपला."

त्यानंतर दादाचा दिवस त्या रविवारी भिंतीतून काढून आणलेल्या शिंपल्यांत जाऊ लागला. रोह्याच्या घरी पुढच्या गॅलरीत तो वहिनीचं जुनं सूप घेऊन बसायचा. टाचणीनं माती काढायची, ब्रशनं धुवायचं, उन्हात ठेवायचं. कंपनीत तो टेस्टिंगला होता, त्यामुळे एकसारखं काम सावकाश करायची त्याला सवय होती. संध्याकाळी मला मोबाईलवर फोटो यायचे आणि पाठोपाठ फोन. "ह्याला दात हायत, म्हणजे लाल रगताचा?" बरोबर असायचं. "ह्याच्या पाठीवर टाचणीनं टोचल्यागत भोकं हायत." ती स्पंज नावाच्या समुद्री प्राण्यानं पाडलेली, मी सांगायची. जिवंत असतानाच किंवा मेल्यावर, पाण्यात असताना. म्हणजे तो शिंपला कुणी लगेच भट्टीला नेला नव्हता. तो हूं म्हणायचा. बोलताना मध्ये मध्ये थांबायचा, आणि ते थांबणं आठवड्यागणिक लांबत होतं.

वहिनीला हे काही आवडत नव्हतं. एकदा मी गेले तर मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "आजारी माणसाच्या घरात मेलेली जनावरं कशाला गो? तुला शिकल्याली म्हणून काय बोलत नाय मी."

"तेवढाच त्याचा वेळ जातो, वहिनी."

"येळ जातो म्हणं. त्यांना येळ किती हाय, ते तुला ठावं हाय ना? मला पण हाय."

बाहेरून ब्रशचा आवाज येत होता.

त्याच दिवशी त्यानं मला एक कालव दाखवलं. दोन्ही शिंपा मिटलेल्या, आत चिखल गच्च भरून दगड झालेला. अशी त्याला बरीच मिळाली होती, ती त्यानं वेगळी ठेवली होती.

"ही तोंड मिटून मेल्यात," तो म्हणाला. "कशी मेली असतील?"

"गाळ आला असेल. मोठा पूर आला की खाडीत गाळ येतो. कालव जागचं हलत नाही, खडकाला धरलेलं असतं. पाणी खराब झालं की ते तोंड मिटतं आणि पाणी बरं व्हायची वाट बघतं."

"किती वाट बघतं?"

"काढतं काही दिवस. आतल्या पाण्यावर."

"मंग?"

"मग पाणी बरं झालं तर उघडतं. नाही झालं तर नाही."

दादानं ते कालव सुपात परत ठेवलं. म्हणाला, "आतल्या आत घुसमाटलं असंल." मी त्याच्याकडं न बघता पुढचा शिंपला उचलला.

उन्हाळा लागला तसा घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसभर घुर्र आवाज करायचं. रोह्याला लाइट गेली की वहिनी धावत जाऊन सिलिंडरची नळी जोडायची, आणि लाइट येईपर्यंत तिथंच बसून राहायची. दादाचं वजन उतरलं, नखं फुगीर आणि निळसर झाली. फोन कमी झाले. मुंबईच्या एका कॉलेजातले भूशास्त्राचे प्राध्यापक माझ्या ओळखीच्या ओळखीचे होते. त्यांना मी फोटो पाठवले. त्यांनी लगेच उत्तर दिलं, फार महत्त्वाचं असू शकतं, आपल्या किनाऱ्यावर समुद्र पूर्वी वर आल्याची खूण असेल, पण परीक्षा चालू आहेत, पावसाळ्यानंतर येतो. मी दादाला ते सांगितलं. त्याच फोनवर हेही सांगितलं की जित्यावरून येताना मी पाहिलं, भिंतीवर लोखंडी जाळी ठोकायला घेतली आहे, पावसाच्या आत सिमेंट मारणार आहेत.

"म्हंजे तो येईस्तवर भिंत झाकली जानार," तो म्हणाला.

"हो. पण आपल्याकडं शिंपले आहेत ना."

"सुटं हायत समदं," तो म्हणाला. मी त्यावर फारसा विचार केला नाही.

पुढचं मला गाडीवाल्यानं सांगितलं. दादानं वहिनीला सांगितलं की बहिणीला भेटायला पेणला जाऊन येतो, आणि मला काहीच कळवलं नाही. छोटा सिलिंडर बरोबर घेतला. पेण आलं तेव्हा म्हणाला, पुढं जित्याला चल. गाडीवाला म्हणाला, भाई, भाभी मला मारतील. दादा म्हणाला, तुला नाय मारायची, मला मारंल, चल.

अर्ध्याहून जास्त भिंतीला जाळी लागली होती. भिंतीच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्यासाठी चर खणला होता आणि चराच्या बाजूला पट्ट्याच्या खालचा काळा खडक उघडा पडला होता. दादा सिलिंडर गाडीतच ठेवून चरात उतरला. गाडीवाला छन्नी-हातोडा घेऊन मागोमाग गेला आणि म्हणाला, भाई, मी फोडतो, तुम्ही दाखवा. दादानं एक-दोन ठिकाणी फोडू दिलं, मग हातोडा स्वतः घेतला, कारण शिंप फुटत होती. हळूहळू मारायला लागला. किती वेळ ते गाडीवाल्याला सांगता आलं नाही. तो सिलिंडर आणायला गाडीकडं गेला, आणि वळून बघतो तर दादा चरात आडवा झाला होता.

रस्त्याच्या कामावर खडी टाकणाऱ्या आदिवासी बाया होत्या. त्यांनीच त्याला उचलून वर घेतलं. एकीनं पदरानं वारा घातला, दुसरीनं बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर मारलं. त्याच्या हातातला दगड त्यांना सोडवता येईना, असं गाडीवाला म्हणाला. शेवटी दगडासकट गाडीत घातला.

मला कॉलेजात फोन आला. पेणच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दादाला मास्क लावलेला होता. त्यानं डोळ्यांनी खाटेखाली खूण केली. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत उशीएवढा काळा दगड होता, आणि त्याच्या एका अंगाला कालव. सुटं पडलेलं नव्हे, वर येऊन टेकलेलंही नव्हे. खालची शिंप खडकाच्या प्रत्येक खाचखळग्यात ओतल्यासारखी बसली होती, शेजारी दोन बारकी कालवं, आणि खडकालाच चिकटलेले बार्नेकल.

दादानं मास्क बाजूला केला. "धरून बसल्यालं हाय," तो म्हणाला. "बघ."

"हो. आहे," मी म्हणाले. मी त्याचा मास्क परत लावला.

वहिनी संध्याकाळच्या गाडीनं रोह्याहून आली. वॉर्डात तिनं त्याचे पाय चेपले, त्याचं तोंड पुसलं. मग मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेली. आवाज चढवला नाही.

"तूच सांगितलं व्हतंस त्यांना, खडकाला धरल्यालं मिळालं तर वाद संपतो म्हणून. मी गाडीत मागं बसले व्हते. ऐकलं व्हतं मी."

"वहिनी, मी त्याला जा म्हटलं नव्हतं. मला ठाऊकही नव्हतं."

"तू नाय म्हनलं. पर त्यांच्या डोक्यात घातलंस ना? माज्याकडं आनखी चार महिनं असते कदाचित. तू शिक्षिका हायस, तुझं काय, तुला उत्तर पायजे असतं."

ती पुन्हा आत गेली. दार लोटून घेतलं.

दादा त्या दवाखान्यातून घरी गेला, पण पुन्हा उठून बसला नाही. पहिल्या सरी येऊन गेल्या आणि एका दुपारी, लाइट असताना, मशीन चालू असताना, त्याचा श्वास थांबला. कुंडलिकेच्या काठावर त्याला अग्नी दिला. ओली लाकडं, रॉकेल, धूर. मी गाडीवाल्याच्या शेजारी उभी होते. वहिनीच्या माहेरच्या माणसांनी मला पुढं बोलावलं नाही.

तेराव्यानंतर निघताना वहिनीनं एक गोणपाटाची पिशवी दारात आणून ठेवली. सगळे शिंपले होते, काळा दगड होता. "ह्ये घिऊन जा," ती म्हणाली. "मला घरात नको." गाडीवाल्यानं पिशवी उचलली. पेणला त्यानं ती माझ्या दारात उतरवली.

प्राध्यापक दिवाळीनंतर आले, म्हणाले होते तसे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. साठीच्या आसपासचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एकेक नमुना हातात घेतला, आम्ही दिलेली जवळजवळ सगळी ओळख बरोबर ठरवली. एका शंखाचं कूळ मी चुकवलं होतं. काळा दगड त्यांनी खिडकीच्या उजेडात नेला आणि खूप वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"हा भट्टीचा ढीग नाही," ते म्हणाले. "हे इथंच वाढलेलं आहे. काही हजार वर्षांपूर्वीचं असणार. कुठं मिळालं ते दाखवा."

गाडीवाल्याला मी बोलावून घेतलं होतं. जित्याला पोचलो. भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी सिमेंटनं लिंपलेली होती. खालचा चर फरशा घालून बंद झाला होता. पाणी जायला प्लॅस्टिकच्या नळ्यांची तोंडं तेवढी बाहेर.

"नक्की कुठं?" प्राध्यापकांनी विचारलं. "आणि किती उंचीवर? भरतीच्या पाण्यापासून ते किती वर होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. नाहीतर हा नुसता एक सुंदर दगड आहे."

गाडीवाला भिंतीच्या कडेनं चालत गेला. एके ठिकाणी थांबला, परत मागं आला. "इथं असंल," म्हणाला. मग पुढं गेला. "नाय, गाडी तिकडं लावली व्हती. म्हंजे इथं." त्यानं हात आधी गुडघ्याच्या खाली धरला, मग मांडीपर्यंत आणला. त्याच्या चेहऱ्यावर इतका ताण आला होता की मीच म्हणाले, राहू द्या.

"त्या बाया होत्या ना कामावर?" प्राध्यापकांनी विचारलं. रस्त्याचं काम संपलं होतं. त्या कुठल्या वाडीवरच्या, कुणी आणलेल्या, ते गाडीवाल्याला माहीत नव्हतं. गावातल्या टपरीवर विचारलं, तिथंही नाही. आता त्या आणखी कुठल्या तरी रस्त्यावर किंवा वीटभट्टीवर असतील.

प्राध्यापकांनी सिमेंटवर दोन्ही ठिकाणांमध्ये टेप धरून पाहिली, मग ती गुंडाळून खिशात ठेवली. त्यांनी मला वाईट वाटेल असं काही म्हटलं नाही. आजूबाजूला दुसरीकडं असा पट्टा मिळतो का ते बघू, म्हणाले. जाताना त्यांनी दोन सुटी कालवं वय काढायला मागून घेतली. त्यासाठी ती कुटून पूड करावी लागते, हेही सांगितलं. मी दिली.

त्यानंतर एका सुट्टीला मी रोह्याला गेले. वहिनीनं दार उघडलं, आत ये म्हणाली. गॅलरीत आता कपड्यांची दोरी होती. तिनं चहा टाकला. मी तिला सांगितलं की प्राध्यापक येऊन गेले, आणि दादाचं बरोबर होतं. तिथं समुद्र होता. त्यानं आणलेल्या दगडावरून तेवढं तरी सिद्ध होतं.

वहिनीनं कप माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसली.

"बरोबर व्हते ते," ती म्हणाली. "मंग? मी आता काय करू गो त्याचं?"

मी कप उचलला. तिनं माझ्या तब्येतीची चौकशी केली, मी तिच्या गुडघ्यांची. मी चहा संपवला. पेणची गाडी यायला अजून बराच अवकाश होता, तरी उठले.